जुन्या गोव्यातलं सेंट फ्रान्सिस चर्च : सोनं गुंजभर, मजुरी मणभर

पितृपक्षात सराफ बाजारात गिऱ्हाईक फिरकत नाही. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात ते वर्षाचे बाकीचे साडेअकरा महिने. त्या पंधरवड्यात गादीवर बसून तराजूची धूळ पुसायची आणि शेजारच्या दुकानदाराशी भावाच्या गप्पा मारायच्या, एवढंच काम. त्यामुळे आमच्या धंद्यात फिरायला जायचं तर हेच दिवस. वडिलांची तिथी उरकली आणि आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, कॉलेजातली मुलगी आणि माझी चौऱ्याहत्तर वर्षांची माय, भुसावळहून गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलो. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मिरचीचा ठेचा. मुलीला समुद्र बघायचा होता, बायकोला काजू घ्यायचे होते, मायला खिडकीची जागा हवी होती. चर्च कुणाच्याच यादीत नव्हतं.

सप्टेंबरात गोव्याला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, पाऊस संपलेला नसतो. समुद्रावर लाल झेंडे, पाण्यात जायला मनाई. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या गॅलरीत बसून पाऊस मोजण्यापेक्षा जुन्या गोव्याला जाऊ म्हणून टॅक्सी केली. पणजीहून नऊ-दहा किलोमीटर. टॅक्सीवाल्याने बॉम जीझस चर्चच्या समोर उतरवलं आणि सांगितलं, "पंधरा मिनिटं पुरे होतात, सगळे एवढंच बघतात." पंधराची पन्नास झाली तेव्हा त्याने थांबायचे पैसे वेगळे लावले, ते मी मुकाट्याने दिले. तुम्ही जाल तर पणजीहून कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसने जा. बस सारख्या असतात आणि बसमध्ये कुणी घड्याळ दाखवत नाही.

आधी बॉम जीझसबद्दल, कारण रांग तिथेच असते. १५९४ साली बांधायला घेतलं, १६०५ मध्ये पुरं झालं. बाहेरून जांभ्याचा उघडा, लालसर-काळा, शेवाळलेला दर्शनी भाग. हा पूर्वी असा नव्हता. चुन्याचा गिलावा होता, तो १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने काढायला लावला. उघडा दगड जुना दिसतो, ऐतिहासिक वाटतो, हा त्याचा हिशेब. आता तोच जांभा पावसात झिजतोय आणि पुन्हा गिलावा करावा की नको यावर वाद चालू आहे. पॉलिश काढलं की दागिना 'अँटिक' दिसतो म्हणणारी गिऱ्हाईकं माझ्याकडेही येतात. असो.

आत सेंट फ्रान्सिस झेवियरची समाधी आहे. बायकोचा इथे गोंधळ झाला आणि बऱ्याच लोकांचा होत असणार, म्हणून सांगतो. हे फ्रान्सिस वेगळे आणि ज्या चर्चबद्दल मी लिहायला बसलोय ते फ्रान्सिस वेगळे. झेवियर हे जेझुइट नावाच्या कॅथलिक संघाचे, १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. दुसरे इटलीतल्या असिसी गावचे, त्यांच्याही तीनशेवर वर्षं आधीचे, १२२६ मध्ये गेलेले. कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा, बापाची इस्टेट सोडून भिक्षेवर राहिलेला.

झेवियरच्या समाधीचा खालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सहून आला. तिथल्या मेदिची घराण्यातल्या तिसऱ्या कोझिमोने तो दिला, फोजिनी नावाच्या शिल्पकाराने दहा वर्षं खपून केला आणि १६९८ मध्ये इथे बसवला. गाइड लोक त्याच्यावरच बोलत असतात. मी मात्र मान वर करून चौथऱ्यावरच्या चांदीच्या पेटीकडे बघत होतो. ती त्याच्याही साठ वर्षं आधीची, १६३६-३७ ची, आणि केलीय गोव्यातल्याच चांदी कारागिरांनी. चारी बाजूंनी संताच्या आयुष्यातले प्रसंग, पत्र्यातून उठवलेले. आमच्याकडे देव्हाऱ्याचं किंवा मुखवट्याचं काम करणारे जुने कारागीर होते, त्यांना हे काम बरोबर कळलं असतं. पत्रा राळेवर बसवायचा, मागून ठोकून फुगवायचा, मग उलटा करून पुढून छिन्नीने नाक-डोळे काढायचे. एक ठोका जास्त पडला की पत्रा फाटतो आणि आठवडा वाया जातो. शिल्पकाराचं नाव मला तिथेच दोन गाइडांकडून ऐकायला मिळालं. चांदीवाल्यांचं नाव कुणी घेतलं नाही. पेटी इतकी उंचावर आहे की नक्षी नीट दिसत नाही. खिशात भिंग होतं, पण पंधरा-वीस फुटांवरून भिंगाचा काय उपयोग.

मग रस्ता ओलांडून समोरच्या आवारात गेलो. तिथे से कॅथेड्रल आहे, प्रचंड, पांढरं, एकच मनोरा असलेलं. दुसरा १७७६ मध्ये पडला. माणसं त्याच्यासमोर फोटो काढतात आणि परत फिरतात. त्याच्याच आवारात पश्चिमेच्या अंगाला फ्रान्सिस्कन साधूंचं, म्हणजे असिसीच्या फ्रान्सिसच्या अनुयायांचं, चर्च आणि मठ आहे. पाऊस वाढला म्हणून आम्ही आडोशाला तिथे शिरलो, खरं कारण हेच.

बाहेरून अगदी साधं. चुना लावलेल्या भिंती, दोन्ही बाजूंना अष्टकोनी बुटके मनोरे. दरवाज्याची चौकट तेवढी काळपट दगडाची आणि कोरलेली, त्यावर जुन्या पोर्तुगीज जहाजवाल्यांचे आकाश मोजायचे गोल आणि जहाजांवर असायचा तसला क्रूस. ही चौकट बाकीच्या इमारतीपेक्षा जुनी आहे. फ्रान्सिस्कन इथे १५१७ मध्ये आले, त्यांनी पहिलं चर्च बांधलं आणि १६६१ मध्ये ते पाडून आजचं उभं केलं तेव्हा जुनी चौकट तेवढी परत वापरली. जुन्या वाड्याचा दरवाजा नव्या घराला बसवतात, तसंच.

आत पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. बाहेरच्या उजेडातून आलेल्या डोळ्यांना अंधारच वाटला. मग हळूहळू लांब टोकाला काहीतरी पिवळं उगवायला लागलं. देवळात गाभाऱ्यात समई असते आणि बाकी काळोख, तसं. पण इथे समई नव्हती, पूर्ण भिंतच पेटल्यासारखी होती. खालपासून छतापर्यंत खांब, वेली, पानं, देवदूतांची तोंडं, सगळं लाकडात कोरलेलं आणि सगळ्यावर सोनं.

माय माझ्या मागे होती. ती माहेरची पारोळ्याकडची, घरात अजून अहिराणीच बोलते. म्हणाली, "बापरे! कितलं सोनं शे आठे! चोर नहीं येतस का?"

मी म्हटलं, "माय, हा वर्ख आहे."

धंद्यात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचं डोकं कुठेही गेलं तरी वजन करायला लागतं. माझंही तेच. खालून वर, डावीकडून उजवीकडे, किती चौरस फूट होईल, कोरीवकामाचे खड्डे-उंचवटे धरून किती वाढेल. एक ग्रॅम सोनं ठोकून ठोकून अर्ध्या चौरस मीटरपेक्षा मोठं पसरतं, केसाच्या शेकडो पट पातळ. त्या हिशेबाने सगळ्या वेदीवर किलोभर असेल-नसेल. जुना वर्ख जाड होता असं धरून थोडं वर. हा माझा अंदाज, यावर कुणी बोली लावू नका. पण आमच्याकडे बऱ्यापैकी घरची दोन-तीन लग्नं एकत्र केली तर तेवढी ऑर्डर होते. आणि त्या लग्नांतलं सोनं बघून कुणाचा श्वास अडकत नाही.

आमच्या धंद्यात कायमचं भांडण मजुरीवरून. सोन्याचा भाव पेपरात छापून येतो, त्यावर कुणी बोलत नाही. घडवताना सोन्यात घट किती धरली त्यावर थोडी कुरबुर. पण मजुरी म्हटली की माणूस उठून उभा राहतो. "एवढी मजुरी? शेजारचा कमी घेतो." कारागिराने पाठ मोडून जी वेल काढली तिची किंमत शून्य, आणि जे सोनं बँकेतही मिळतं त्याची किंमत पूर्ण. मीसुद्धा गिऱ्हाइकाला हेच शिकवलं, साधा दागिना घ्या, मोडीला परवडतो. या चर्चमध्ये उभं राहिल्यावर लक्षात आलं की हे सगळंच्या सगळं मजुरी आहे. मोडीला काढलं तर हातात काय येईल? जुनं लाकूड आणि चिमूटभर सोन्याचा रवा.

वेदीवर वधस्तंभावरचा येशू आणि संत फ्रान्सिस, दोन्ही मोठ्या मूर्ती. त्यांच्या खाली फ्रान्सिसच्या तीन शपथा लिहिलेल्या आहेत : गरिबी, नम्रता, आज्ञापालन. मुलीने मोबाइलवर बघून हे मोठ्याने सांगितलं. माय थोडा वेळ गप्प होती. मग, "गरिबीनी शपथ लिधी अनि घर सोनानं बांधं?"

मागे उभं असलेलं एक पुण्याचं जोडपं हसलं. मायला त्यांचं हसणं आवडलं नाही. ती विनोद करत नव्हती, तिला खरोखर विचारायचं होतं.

घरी आल्यावर मी याबद्दल थोडं वाचलं. युरोपात सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट पंथ निघाला. त्यांचं म्हणणं, मूर्ती नको, झगमगाट नको. त्यावर कॅथलिक धर्मगुरूंची ट्रेंट गावी लांबलचक परिषद झाली, १५४५ ते १५६३. तिथे ठरलं की मूर्ती आणि चित्रं राहणार आणि त्यांनी अडाणी माणसालाही शिकवलं पाहिजे, हलवलं पाहिजे. त्यातून पुढे ही सगळी शैली फोफावली. त्या काळात वीज नव्हती. मेणबत्त्यांचा उजेड हलणारा, त्यात सोन्याचा वर्खही हलतो, कोरलेली पानं हलल्यासारखी वाटतात. म्हणजे मायच्या प्रश्नाला उत्तर आहे. ते तिला पटेल का, हे वेगळं.

या शैलीला बरोक म्हणतात. हा शब्द मला सराफ म्हणून आधीपासून माहीत होता, चर्चशी त्याचा संबंध आहे हे माहीत नव्हतं. वेडावाकडा, गोल नसलेला मोती म्हणजे बरोक मोती. पोर्तुगीज भाषेत 'बारोको' म्हणजे तसलाच मोती, आणि त्यावरून शैलीचं नाव पडलं. आधी हिणवायला. आमच्या आजोबांच्या काळात बसरा मोत्यांचं वेड होतं, तो गोल, पाणीदार हवा. वाकडा मोती पुडीत तसाच पडून राहायचा. आता मुंबईच्या बायका तोच जास्त पैसे देऊन घेतात.

जमिनीवर सगळीकडे कोरलेल्या दगडी फरशा आहेत, घराण्यांची चिन्हं, कवट्या, पोर्तुगीज अक्षरं. आत सगळे बुटांसकट फिरत होते. मायने दारातच चपला काढल्या होत्या. या फरशा म्हणजे खाली पुरलेल्या माणसांची थडगी आहेत असं कळल्यावर ती जागच्या जागी थांबली. "मानसेसना अंगवर पाय देऊ का मी?" आणि मग पूर्ण चर्च तिने भिंतीच्या कडेकडेने, दोन फरश्यांमधल्या फटीवर पाय टाकत पार केलं. तिच्या मागे तिची नात, तशीच. शेवटी एका बाकावर बसली आणि बाकी वेळ तिथूनच बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच परत गेलो. कारण दोन. एक, मठाच्या इमारतीत आता पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे आणि आम्ही नेमके शुक्रवारी गेलो होतो. शुक्रवारी ते बंद असतं. दुसरं, मला ते सोनं जवळून बघायचं होतं.

सकाळी नऊ-सव्वानऊला पोचलो. आत मी आणि एक राखणदार, बास. मुख्य वेदीजवळ जाता येत नाही, पण बाजूच्या एका छोट्या वेदीचा खांब हाताच्या अंतरावर होता. हात लावला नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधले, भिंग डोळ्याला लावलं आणि वाकलो. पीळ दिलेला खांब, त्यावर द्राक्षाची वेल. पानाच्या टोकाला, जिथे शेकडो वर्षं कुणाचा तरी पदर किंवा झाडू घासला असेल, तिथे सोनं उडालंय आणि खालून लाल रंग डोकावतोय. गेरूसारखा, पण अधिक गडद, मऊ. ही वर्खाखालची लाल माती. आधी लाकडावर खडू आणि सरस यांचे हातावर हात द्यायचे, ते घासून काचेसारखं करायचं. मग या मातीचा हात. मग तो ओलसर करून वर्ख अलगद सोडायचा, बोटाने नव्हे, श्वाससुद्धा जपून. आणि सुकायच्या बेताला आल्यावर अकीकाच्या घोट्याने घोटायचं. अकीक आमच्याकडेही आहे, माझ्या पेटीत वडिलांचा आहे. लाल मातीवर सोनं ऊबदार दिसतं, पांढऱ्यावर तेच फिक्कं, पितळी वाटलं असतं. आमच्याकडे दागिना गुलाबी कागदात गुंडाळून देतात, त्यामागेही हीच अक्कल आहे.

राखणदार केव्हा शेजारी येऊन उभा राहिला कळलं नाही. मी कोण, काय करतोय, हिंदीत विचारलं. मी म्हटलं सोनार आहे, जळगावचा. त्याने थोडा विचार केला आणि मला दोन खांब सोडून एका पानाकडे नेलं. मागच्या बाजूने, जिथे भाविकाची नजर कधीच जाणार नाही तिथे, पान कोरलेलंच नाही. नुसतं ओबडधोबड लाकूड, पटाशीचे घाव तसेच. पुढून शिरा न् शिरा, मागून काही नाही. मला मनापासून बरं वाटलं. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कारागिरालाही वेळेवर माल द्यायचा होता.

बाकी आतलं भराभर सांगतो. वेदीच्या दोन्ही बाजूंना संत फ्रान्सिसच्या आयुष्यावरची चित्रं, लाकडी फळ्यांवर रंगवलेली, बरीच काळवंडलेली. गोष्ट माहीत नसेल तर फार कळत नाही. कमानींवर आणि भिंतींवर फुलापानांची नक्षी आहे. ती मला परदेशी वाटलीच नाही, कुठल्यातरी छापील लुगड्याची काठपट्टी वाटली. प्रवचनाचा लाकडी ओटा बघा, त्यावरची फुलं सोन्याशिवायही सुंदर आहेत. मुख्य वेदीतली पवित्र पेटी येशूचं चरित्र लिहिणाऱ्या चार शुभवर्तमानकारांच्या मूर्तींनी पेललीय, त्यांचे चेहरे लांबून नीट दिसत नाहीत. दुर्बीण असेल तर न्या, मी चेष्टा करत नाहीये.

संग्रहालय अर्ध्या तासात होतं. खाली वीरगळ आणि सतीशिळा, आपल्याकडे गावोगाव वेशीवर पडलेल्या असतात तशा. पोर्तुगीजांसाठी गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कचा भलामोठा पितळी-काळपट पुतळा. वर पोर्तुगीज गव्हर्नरांच्या तसबिरींची रांग, सगळे दाढीवाले, सगळे रागावलेले. मला तिथे जास्त वेळ थांबवलं ते मधल्या चौकाने. चारी बाजूंनी ओसरी आणि मध्ये उघडं आभाळ, पावसाचं पाणी पागोळ्यांनी उतरतंय. आमच्या जुन्या वाड्यात असाच चौक होता. या साधूंनाही १८३५ च्या सुमारास बाहेर पडावं लागलं. पोर्तुगालच्या सरकारनेच मठ बंद केले.

एक गोष्ट लिहिली नाही तर खोटं होईल. याच गावात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्मावरून माणसांची चौकशी करून शिक्षा देणारं, न्यायालय होतं. त्या काळात आसपासची देवळं पाडली गेली, लोकांनी देव उचलून रातोरात नदीपलीकडे नेले. ही वेल ज्या हातांनी कोरली त्यातले काही हात आपल्यासारख्यांचेच असणार. हे डोक्यात ठेवून त्या सोन्याकडे बघावं लागतं. मला तरी दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवता आल्या, कुणाला येणार नाहीत तर त्यांचंही चुकीचं नाही.

वेळ असेल तर दहा-बारा मिनिटं चढ चालून सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्यापर्यंत जा. सेहेचाळीस मीटर उंच होता, १९३१ मध्ये निम्मा कोसळला. छत नाही, वेदी नाही, आत गवत. सोनं उतरवल्यावर काय उरतं ते तिथे दिसतं. पावसात जांभा घसरडा होतो, म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका.

खाण्याचं : बस थांब्याजवळ टपऱ्यांवर पातळ भाजी आणि पाव मिळतो. शाकाहारी माणसाची सोय होते. तिखटाची अपेक्षा ठेवू नका. आमच्या मायने पिशवीतून ठेच्याची बाटली काढली आणि टपरीवाल्यालाही चाखायला दिली. त्याने एक बोट लावलं आणि पाण्याचा ग्लास घेतला.

चर्चमध्ये जायला पैसे लागत नाहीत, संग्रहालयाला किरकोळ तिकीट आहे. सकाळी लवकर जा, दहा-साडेदहानंतर सहलीच्या बस यायला लागतात. गुडघे झाकतील असे कपडे घाला. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाच मिनिटं द्या, दारातूनच फोटो काढून फिरणाऱ्यांना खरं काहीच दिसत नाही. आणि गुरुवारी जा किंवा शनिवारी, शुक्रवार टाळा. पाचपैकी मी साडेचार देतो. अर्धा त्या टॅक्सीवाल्यासाठी कापला, चर्चचा त्यात दोष नाही.

परतीच्या गाडीत मुलगी वरच्या बर्थवर झोपली होती. नगरच्या पुढे कुठेतरी मायने विचारलं, त्या देवळात एकूण सोनं कितलं व्हतं रे? मी सांगितलं, माय, फार तर किलोभर, बाकी सगळी मजुरी.

तिने पदराखाली हातातल्या पाटल्या एकदा फिरवल्या. बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "मंग मजुरी कोनी दिधी व्हई?"

मनमाड आलं होतं. मी चहा घ्यायला उतरलो.